इस्ट्रोजेन आणि मज्जारज्जू: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वर्गात, विडी कामगार बायकांच्या आरोग्य शिबिरांत आणि सांगोला-मंगळवेढ्याकडच्या पशुपालकांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. मला दोन गोष्टी ठासून सांगायच्या आहेत. एका प्राण्यात जे दिसलं ते दुसऱ्यात जसंच्या तसं असतं असं धरून चालू नका. आणि बाईचं दुखणं महिन्याच्या दिवसांप्रमाणे कमी-जास्त होतं म्हणून ते मनाचं ठरत नाही.

मज्जारज्जू म्हणजे पाठीचा कणाच ना?

नाही. कणा हाडांचा असतो आणि मज्जारज्जू त्याच्या आतल्या पोकळीत असतो. माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली फक्त नसांचा झुपका असतो. मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. आपल्याकडे कंबर धरली की लगेच "मणक्यात गॅप आली" म्हणतात. ती तक्रार बहुतेक वेळा चकती, सांधे किंवा स्नायूंची असते, मज्जारज्जूची नसते. या पानावर जे काही आहे ते आतल्या चेतापेशींबद्दल आहे.

इस्ट्रोजेन तर अंडाशयात तयार होतं. ते पाठीत कसं पोहोचतं?

एक वाट रक्तातून. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन चरबीत विरघळणारं स्टेरॉइड आहे, त्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीची जी गाळणी इतर कित्येक रसायनांना अडवते ती याला अडवत नाही.

दुसरी वाट जास्त विलक्षण आहे. मज्जारज्जूतल्या काही पेशी स्वतःच इस्ट्रोजेन बनवतात. त्यासाठी लागणारं ॲरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रॅडिओलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकारात, करतं. मज्जारज्जूतलं हे विकर नेमकं काय करतं ते सर्वांत स्पष्ट दिसलं जपानी लावा पक्ष्यात. तो सस्तन नाही, पण प्रयोग सांगण्यासारखा आहे. लावाच्या मज्जारज्जूत ॲरोमॅटेज रोखणारं औषध सोडलं की गरम पाण्यातून पाय मागे घ्यायला त्याला जास्त वेळ लागू लागला, आणि हा बदल मिनिटाच्या हिशोबात झाला. अंडाशय किंवा वृषणाकडून रक्तात येणाऱ्या हार्मोनची पातळी इतक्या झटकन बदलत नाही. म्हणजे तिथल्या तिथे बनणारं इस्ट्रोजेन वेदनेचा दरवाजा उघड-बंद करत होतं.

पेशीत शिरून ते करतं काय?

पेशीत त्याला धरणारे रिसेप्टर असतात. अल्फा आणि बीटा हे दोन मुख्य. बीटाचा शोध १९९६ साली उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत लागला, तोवर एकच रिसेप्टर आहे असं मानलं जाई. रिसेप्टरला जोडलेलं इस्ट्रोजेन पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतं, काही बंद करतं. याला तास, कधी दिवस लागतात. याशिवाय पेशीच्या पडद्यावर घडणारी जलद क्रिया असते, ती सेकंद-मिनिटांत होते. एकच हार्मोन सकाळी एक आणि चार दिवसांनी दुसराच परिणाम का दाखवतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मज्जारज्जूच्या कोणत्या भागात त्याचं काम चालतं?

मज्जारज्जू आडवा कापला की मधे फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो. मागच्या पंखांत संवेदना येतात, पुढच्या पंखांतून स्नायूंना हुकूम जातात. स्वीडनच्या ब्रोर रेक्सेड यांनी १९५२ साली या करड्या भागाचे दहा थर मांडले. आज एमबीबीएसची मुलं पाठ करतात तेच हे थर, पण ते आखले गेले मांजराच्या मज्जारज्जूवर. माणसाला ते बरेचसे लागू पडतात, तरी मूळ नकाशा मांजराचा आहे हे मी प्रत्येक वर्गात सांगते.

उंदरात अल्फा रिसेप्टर मागच्या पंखाच्या वरवरच्या थरांत दाटीने सापडतात. चटका, टोचणं, कळ या संवेदना पहिल्यांदा तिथेच उतरतात. शिवाय मधल्या नलिकेभोवती आणि मूत्राशय, आतडं, जननेंद्रियं सांभाळणाऱ्या त्रिकभागातही (मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडच्या भागात) ते असतात. वरच्या थरातल्या ज्या पेशी एन्केफॅलिन बनवतात, म्हणजे शरीराचं स्वतःचं अफूसारखं वेदनाशामक, त्यांतल्या बऱ्याच पेशींत हे रिसेप्टर आहेत. अंडाशय काढलेल्या मादी उंदराला इस्ट्रॅडिओल दिलं की त्या पेशींत एन्केफॅलिनची तयारी वाढते.

मग इस्ट्रोजेन वेदना कमी करतं असंच म्हणायचं ना?

इथेच गडबड होते. काही प्रयोगांत ते वेदना कमी करतं, काहींत वाढवतं, आणि दोन्ही प्रकारचे प्रयोग नीट केलेले आहेत.

कमी करण्याची बाजू आधी घेऊ. १९८० साली ॲलन गिन्टझलर यांनी दाखवलं की गाभण मादी उंदराची वेदना सोसण्याची मर्यादा दिवस भरत येतात तशी चढत जाते आणि पिल्लं झाल्यावर खाली येते. अफूवर्गीय औषधांचा परिणाम तोडणारं रसायन दिलं की ही चढण नाहीशी होते, म्हणजे शरीर स्वतःचंच वेदनाशामक वापरत होतं. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेने गाभण नसलेल्या उंदरांना इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचं दुसरं हार्मोन गर्भारपणाइतक्या प्रमाणात दिलं, तरी तसाच परिणाम मिळाला. कमरेच्या मज्जारज्जूतलं डायनॉर्फिन हे द्रव्य त्यात मोठं काम करतं. दोन हार्मोन जोडीने हवीत, एकट्याने भागत नाही. स्त्रियांमध्येही गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत वेदनेची मर्यादा वाढल्याचं मोजलं गेलं आहे. प्रसूतीच्या कळा सोसायला निसर्गाने केलेली ही तयारी मला आजही थक्क करते.

आता दुसरी बाजू. मादी उंदराच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून ताण दिला तर पोटाचे स्नायू आकसतात, त्यावरून आतल्या अवयवाची वेदना मोजता येते. अंडाशय काढल्यावर ही प्रतिक्रिया घटते, इस्ट्रॅडिओल दिलं की वाढते. मज्जारज्जूत एनएमडीए नावाचे रिसेप्टर वेदनेचा निरोप जोराने पुढे ढकलतात, इस्ट्रोजेन त्यांना अधिक सक्रिय करतं.

म्हणून प्रश्न "कमी की जास्त" असा विचारूच नये. कोणत्या अवयवाची वेदना, हार्मोनची पातळी किती, किती काळ, सोबत प्रोजेस्टेरॉन आहे का आणि प्राणी कोणता, हे आधी विचारावं.

उंदरावरचे निष्कर्ष बाईला लागू होतात का?

थोडेफार. उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं, बाईचं साधारण २८ दिवसांचं. उंदरात इस्ट्रोजेन काही तास उसळतं आणि उतरतं, बाईत ते दिवसेंदिवस चढत-उतरत राहतं. प्रयोगांत बहुधा अंडाशय काढून बाहेरून ठरावीक डोस देतात, तोही प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळा. आणखी एक बारीक गोष्ट आहे: प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खाद्यात सोयाबीन असतं, सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात. नस दुखावलेल्या उंदरांची वेदना सोयाच्या खाद्याने बदलते हे दिसल्यापासून काळजीने काम करणारे संशोधक सोयाविरहित खाद्य मागवतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मादीला वगळण्याची जुनी सवय. वेदनेवरच्या एका अग्रगण्य नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या प्राणी-प्रयोगांचा आढावा २००५ साली आला. त्यात ७९ टक्के अभ्यास फक्त नरांवर झालेले होते. आणि दीर्घ वेदनांचे रुग्ण पाहावेत तर त्यात बायका जास्त. २०१५ साली लहान उंदरांवरच्या, म्हणजे माऊसवरच्या, अभ्यासात दिसलं की नस दुखावल्यावर मज्जारज्जूत वेदना टिकवून धरण्याचं काम नरात मायक्रोग्लिया पेशी करतात, मादीत मात्र दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी करतात. नरावर लागू पडणारं औषध मादीवर निष्प्रभ ठरलं. एवढी वर्षं अर्धीच गोष्ट शिकवली गेली याचा मला राग येतो, आणि तो मी वर्गात लपवत नाही.

मांजर माजावर आल्यावर पाठीवर हात ठेवला की मागचा भाग का उचलते?

हा प्रश्न जुन्या पेठांतल्या वाड्यांत राहणारी मुलं हमखास विचारतात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं. मांजरी जमिनीवर लोळते, रात्रभर ओरडते. तिच्या शेपटीच्या मुळाजवळ हात ठेवला की ती पुढचा भाग खाली दाबते, मागचा उचलते, शेपटी एका बाजूला वळवते आणि मागचे पाय जागच्या जागी टाकत राहते. माज नसताना तोच हात ठेवा, ती निघून जाईल किंवा ओरबाडेल.

हात तोच आणि मांजर तीच, मग बदललं काय? नेदरलँड्समध्ये व्हेरोनिक व्हान्डरहॉर्स्ट आणि गेर्ट होल्स्टेगे यांनी १९९७ साली याचं उत्तर दिलं. मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला चेतापेशींचा एक छोटा गट आहे. त्याचे तंतू कमरेच्या आणि त्रिकभागाच्या मज्जारज्जूत उतरून मागच्या पायांच्या, ओटीच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या पेशींना भिडतात. माजावर असलेल्या मांजरीत या तंतूंची टोकं माजावर नसलेल्या मांजरीपेक्षा कित्येक पट जास्त होती, आणि त्यांवर वाढत्या तंतूच्या टोकाला असतात तसे फुगवटे दिसले. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या मज्जारज्जूत नवे तंतू फुटत होते! प्रौढ मज्जासंस्थेत नवी वाढ होत नाही असं ठामपणे सांगण्याच्या काळात हे कळलं. पुढे हॅमस्टरच्या मादीत आणि ऱ्हीसस माकडिणीतही हाच मार्ग तपासला गेला.

माणसाला माज नसतो, त्यामुळे हे चित्र बाईवर चिकटवू नका. पण प्रौढ मज्जारज्जूत तंतू वाढवण्याची कुवत एका साध्या स्टेरॉइडमध्ये आहे, ही गोष्ट पाठीच्या दुखापतीवर काम करणाऱ्यांनी मनावर घेतली, ते योग्यच झालं.

मादी उंदरातही असंच होतं का?

तिथे आणखी एक वेगळी गोष्ट सापडली. पाठ खाली वाकवून उभं राहण्याची प्रतिक्रिया तिच्यातही इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. शिवाय १९७२ साली असं दिसलं की इस्ट्रोजेन दिल्यावर जननेंद्रियांभोवतीच्या नसेचं संवेदनक्षेत्रच मोठं होतं. त्वचेचा जास्त मोठा पट्टा स्पर्शाला जागा होतो. निरोप मज्जारज्जूत पोहोचायच्या आधीच बदललेला असतो.

गाय, म्हैस आणि मेंढीचं काय?

खिलार गाय माजावर आली की दुसरं जनावर अंगावर चढलं तरी स्थिर उभी राहते, सोट टाकते, हंबरते. स्थिर उभं राहण्याचा काळ साधारण १२ ते १८ तासांचा. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा ठोकताळा आहे. स्थिर उभं राहण्याचा हुकूम इस्ट्रोजेनने तयार झालेल्या मेंदूकडून खाली मज्जारज्जूला जातो. पंढरपुरी म्हशीत मात्र, खासकरून उन्हाळ्यात, मुका माज फार. बाहेर काहीच दिसत नाही आणि आतलं चक्र चालू असतं. डोळ्यांवर विसंबून राहू नका, पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.

मेंढीची गोष्ट मला सर्वांत आवडते. विताना गर्भाशयाचं तोंड आणि योनिमार्ग ताणला जातो, तो निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं आणि मेंढी कोकराला चाटू लागते. १९८३ साली दाखवलं गेलं की इस्ट्रोजेन दिलेल्या, गाभण नसलेल्या मेंढीलाही नुसता हा ताण दिला तर ती काही मिनिटांत परक्या कोकराला जवळ करते. उलट, वितानाच कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन निरोप मज्जारज्जूपाशी अडवला की ममत्व बिघडतं, पहिलटकरीण मेंढीत तर जास्तच. हे बाईला लावू नका. भूल घेऊन बाळंत झालेल्या आया बाळाला जवळ घेतातच. माणसात ममत्वाच्या वाटा अनेक आहेत.

पुरुषांच्या मज्जारज्जूत इस्ट्रोजेन असतं का?

असतं. वर सांगितलेलं ॲरोमॅटेज पुरुषांतही आहे. घोड्याचं उदाहरण तर अचंबित करणारं आहे: १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक यांना वळूघोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेनचं प्रचंड प्रमाण सापडलं.

पण नर-मादीतला मज्जारज्जूचा एक ठळक फरक इस्ट्रोजेनचा नाही. शिश्नाच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींचा गट नर उंदरात मोठा आणि मादीत अगदी छोटा असतो. माणसात आणि कुत्र्यात त्याच जागी ओनुफचा गट आहे, तोही नरात मोठा. उंदराच्या मेंदूला नराचं वळण लागतं तेव्हा टेस्टोस्टेरॉनचं आधी इस्ट्रोजेन होतं. मज्जारज्जूच्या या गटात मात्र काम थेट टेस्टोस्टेरॉनचं आणि त्याच्या नातलगांचं. एकाच प्राण्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत नियम वेगळे. परीक्षेत हे हमखास चुकतं.

पाळीच्या दिवसांत कंबर का दुखते? डॉक्टर म्हणाले काही नाही.

शिबिरात विडी वळणाऱ्या बायका हे विचारतात. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. कंबर आधीच आखडलेली असते. त्यात पाळी येते. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांनी गर्भाशय आकसतं आणि कळा येतात. गर्भाशयाच्या नसा पाठीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या पातळीत शिरतात, आणि कमरेच्या त्वचेच्या-स्नायूंच्या नसाही तिथेच. दोन्ही निरोप मज्जारज्जूच्या त्याच पेशींवर पडतात, म्हणून गर्भाशयाची कळ कंबर आणि मांड्यांत जाणवते. शिवाय त्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला असतात.

"काही नाही" हे उत्तर ताई, तुम्ही स्वीकारू नका. कळ खरी आहे, तिची वाट माहीत आहे, तिच्यावर उपाय आहेत. दर महिन्याला काम बंद पडण्याइतकं दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे का ते बघायला हवं. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी झाली तर एक दिवसही थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात.

सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनने कायमची कंबर धरते का?

नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते. पण बाळंतपणानंतर महिनोनमहिने राहणारी कंबरदुखी इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच आढळते. वजन, वाकून दूध पाजणं, झोप नसणं ही त्याची कारणं. गर्भवतीला या भुलीचं औषध कमी लागतं, हे भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक असतं. कण्यातल्या शिरा फुगल्याने जागा कमी होते आणि हार्मोनमुळे, विशेषतः प्रोजेस्टेरॉनमुळे, नसा औषधाला जास्त दाद देतात.

गर्भारपणात मल्टिपल स्क्लेरोसिस आटोक्यात राहतो हे खरं का?

बऱ्याच अंशी. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. १९९८ साली हा आजार असलेल्या युरोपातल्या गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवटच्या तीन महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं, आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढलं. माऊसमध्ये तशाच आजारात गर्भारपणातलं इस्ट्रिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मज्जारज्जूतली सूज कमी करतं. बाळंतपणानंतरचे महिने धोक्याचे, एवढं घरच्यांनी लक्षात ठेवावं आणि औषधांचं नियोजन आधीच करावं.

अपघातात मज्जारज्जू दुखावला तर इस्ट्रोजेन देतात का?

देत नाहीत. उंदरांत इस्ट्रॅडिओलने पेशी मरण्याचं प्रमाण घटल्याचे आणि चाल सुधारल्याचे प्रयोग आहेत, फायदा न दिसल्याचेही आहेत. माणसासाठी हा मान्य उपचार नाही. अपघातस्थळी मान-पाठ न हलवता रुग्णाला फळीवर घेणं याने वाचलेले पाय कोणत्याही हार्मोनपेक्षा जास्त आहेत.

बार्शीकडे सोयाबीन भरपूर. ते खाल्लं तर कंबर राहील का?

प्रथिनांसाठी जरूर खा. कंबरदुखीचं औषध म्हणून नको.

पाळी गेल्यावर अंग दुखतं, इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू करू का?

मनाने अजिबात नको. रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरमीचे झटके, हाडांची झीज अशा कारणांसाठी डॉक्टर तपासून देतात. डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन महिन्यांची नोंद घेऊन जा: कुठे दुखलं, कधी, पाळी चालू असेल तर तिचा कितवा दिवस. पोथीच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं तरी चालतं.

कॉलेजात यावर प्रकल्प करायचा आहे. उंदीर वापरता येतील का?

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी आणि नोंदणीकृत प्राणीगृह नसेल तर नाही. पदवीच्या पातळीवर त्याची गरजही नाही. गोठ्यांत जाऊन गाईंच्या माजाच्या लक्षणांची वेळेसह नोंद करा, म्हशींशी तुलना करा. किंवा परवानगी आणि संमती घेऊन मुलींच्या पाळीच्या दिवसानुसार थंड पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो ते मोजा, पाण्याचं तापमान दरवेळी तेच ठेवा, आणि मोजणाऱ्याला पाळीचा दिवस कळू देऊ नका.